जबडा कसा हलतो ते आधी पडद्यावर दिसू द्या



दंत महाविद्यालयांत जबड्याची हालचाल शिकवताना संगणकीय प्रतिरूपाचा वापर सक्तीचा करावा, अशी माझी मागणी आहे. ती भोर-वेल्ह्यातून (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) यावी, याला कारण आहे. हिरडस मावळातल्या म्हाताऱ्या माणसाला पुण्याच्या डेंटल कॉलेजात कवळी करून घ्यायची तर आधी भोर गाठायचे, मग कापूरहोळमार्गे एसटी. चावताना कवळी एका बाजूला आधी टेकली, हिरडीला टोचू लागली, की ती घासून घ्यायला पुन्हा तीच वाट, पुन्हा कामाचा खाडा. असे हेलपाटे वाढले की कवळी डब्यात पडून राहते.

कवळी टोचण्याची कारणे अनेक, पण एक मुळाशी आहे. जबडा दारासारखा नुसत्या बिजागरीवर फिरत नाही. तोंड उघडताना पहिले दोन-अडीच सेंटिमीटर कानापुढच्या सांध्यातले हाडाचे टोक बहुतांशी जागच्या जागी फिरते, नंतर ते सांध्यातल्या चकतीसह पुढे आणि खाली घसरते. कानापुढे बोट ठेवून तोंड पूर्ण उघडले तर हे कोणालाही जाणवेल. घास चावताना तर दोन्ही बाजूंची टोके वेगवेगळी चालतात. उल्फ पॉसेल्ट यांनी १९५२ मध्ये या हालचालींच्या सीमा मांडल्या, पण पुस्तकात ती आकृती सपाट असते; विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत काढतो. प्रयोगशाळेतला साधा आर्टिक्युलेटर, म्हणजे जबड्यांचे साचे बसवायचे यंत्र, फक्त उघडतो आणि मिटतो. प्रतिरूपात मात्र सांध्याचा उतार ३० अंशांवरून २० वर आणला की जबडा पुढे सरकताना मागच्या दाढा कुठे आपटतात, ते तिथल्या तिथे दिसते.

दंतवैद्यक हातानेच शिकायचे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच प्रतिरूप रुग्णाच्या आधी हवे, रुग्णाच्या जागी नव्हे. सांधा डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा अंदाज रुग्णाच्या तोंडात बांधायला लावणे हा रुग्णावर अन्याय आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पडद्यावरचा जबडा सरासरी माणसाचा असतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी-गुटख्याने गाल आवळलेले, तोंडात दोन बोटेही न जाणारे रुग्ण येतातच. निरोगी प्रौढाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. या रुग्णांत सांधा धड असूनही गालातले पट्टे जबडा अडवतात. सांधाच अडकला तर हालचाल निराळी दिसते. पण हा फरक विद्यार्थ्याला शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतो, तो प्रतिरूपातच. राहिला खर्च. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची ‘आर्टिसिन्थ’ ही जबड्याचे प्रतिरूप घडवणारी प्रणाली विनामूल्य मिळते. कमी आहे ती शिक्षकांना ती शिकून घ्यायला मिळणाऱ्या वेळेची.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि पुण्यातल्या अभिमत विद्यापीठांनी बीडीएसच्या प्री-क्लिनिकल प्रात्यक्षिकांत हे तास घालावेत आणि त्यांना परीक्षेत गुण ठेवावेत. गुण नसलेला तास आपल्याकडे कोणी गांभीर्याने घेत नाही.

– एक वाचक, भोर (जि. पुणे)