पळते भारी, पण थांबते का?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या रील्स तुम्हीही बघत असाल. लांबलचक बॉनेट, तारांची चाकं, इंजिनचा तो घुमणारा आवाज. खाली कमेंट्स ठरलेल्या : टॉप स्पीड किती, हॉर्सपॉवर किती? ब्रेकचं काय, हे विचारणारा विरळाच. माझ्या मते जुन्या गाडीला पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

ब्रिटनची जॅग्वार एक्सके १२० घ्या. १९४८ साली आली. नावातला १२० म्हणजे ताशी १२० मैल, आपले १९३ किलोमीटर! त्या काळात हे अफाटच होतं. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यात मागची चाकं पत्र्याने झाकलेली. वारा लागणार कुठून? जोरात चार-सहा वळणं घेतली की ब्रेक मलूल. यालाच म्हणतात ब्रेक फेड.

मुळात ब्रेक वेगाची उष्णता करतो. हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, की साधारण ३८५ किलोज्यूल उष्णता होते. तीच गाडी नुसत्या ब्रेकवर ५०० मीटर उंचीचा घाट उतरवलीत, तर बारा-तेरा वेळा तसं थांबण्याइतकी! बिडाचा ड्रम तापून फुगतो, आतल्या ब्रेक शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. लायनर अति तापलं तर उलटं होतं. पेडल टणक लागतं, पण पकड गायब. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पाय थेट तळाला.

जॅग्वारने यावर उत्तर शोधलं. १९५३ ला डिस्क ब्रेकवाल्या सी-टाइपने ले माँची २४ तासांची शर्यत मारली. तेव्हापासून ‘डिस्क बसव, टेन्शन संपलं’ हा सल्ला जुन्या गाडीवाल्यांना मिळतोच. मला तो अर्धवट वाटतो. डिस्क लवकर थंड होतात, मान्य. पण ऑइल जुनंच असेल तर तेही उकळणारच की! ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्याची हमी फक्त १५५ ची. रंग आणि क्रोमवर लाखभर घालवायचे आणि दोन वर्षांतून एकदा काही शे रुपयांचं ऑइल बदलायचं नाही, हा कुठला शौक? (डॉट ५ म्हणजे ‘एक नंबर वरचं’ नव्हे हं. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही.)

‘आपल्याकडे कुठली आलीय जॅग्वार’ असं म्हणाल. पण ड्रम ब्रेकची जुनी बाइक घेऊन पावसाळ्यात ताम्हिणी उतरणारे तुमच्या ग्रुपमध्ये असतीलच. नियम तेच. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्यातच उतरा, क्लच दाबून गाडी सोडू नका, ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. लागेल तेव्हा नीट दाबा, मग सोडा. जळका वास आला किंवा पेडल वेगळं लागलं, तर खालचा गिअर टाका, सुरक्षित जागा बघून थांबा. तिथे अर्धा तास गेला तर जाऊ दे, चहा घ्या. फक्त ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतू नका राव, तापलेलं बीड तडकतं.