अमरत्वाचा जमाखर्च

शतकानुशतके जगणारा योद्धा आणि मर्त्य स्त्री यांच्या प्रेमाची कथा सांगणारी अतिमानुष प्रणयकादंबरी २००० नंतरच्या दशकात अमेरिकी ग्रंथव्यवहारात स्थिरावली. तिच्याविषयी बोलणारे दोन पक्ष आहेत. एक ही पुस्तके न वाचताच निकालात काढतो; दुसरा पुस्तके बाजूला ठेवून त्यांच्या वाचक स्त्रियांनाच वाचतो. पहिल्याची दखल एका वाक्यात पुरे: रंजन म्हणजे हीन, ही भूमिका मूल्यनिर्णय नसून मूल्यनिर्णयाची टाळाटाळ आहे. दुसरा पक्ष अभ्यासू आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे आवश्यक ठरते.

या पक्षाचा आधारग्रंथ म्हणजे जॅनिस रॅडवे यांचा ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४). अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील वाचक स्त्रियांशी बोलून रॅडवे यांनी दाखवून दिले, की घरातल्या सर्वांची काळजी वाहणारी स्त्री पुस्तक उघडते तेव्हा तेवढा वेळ स्वतःपुरती उरते. हा प्रतिकार मूळ व्यवस्थेला धक्का लावीत नाही, अशी सावध पुस्तीही त्यांनी जोडली होती. त्यांचा दाखला देणाऱ्यांनी बहुधा ती पुस्ती गाळली आणि सांत्वन तेवढे ठेवले. पुढे पामेला रेगिस यांनी २००३ मध्ये प्रणयकादंबरीचे आठ अनिवार्य घटक सांगितले. नायक-नायिकेचे मीलन सर्वस्वी अशक्य वाटावे असा ‘विधिरूप मृत्यू’चा क्षण हा त्यांतला एक. तो ओलांडून नायिका मुक्त होते, असे रेगिस यांचे प्रतिपादन आहे.

अतिमानुष प्रणयकादंबरीत हा मृत्यू विधिरूप राहत नाही. येथील अडसर कुलाचा, संपत्तीचा किंवा मानापमानाचा नाही; तो काळाचा आहे. एक म्हातारा होत नाही, दुसरी मरणार आहे. प्रणयकथेला याहून मोठा अडसर कल्पिता येणार नाही. तेव्हा या प्रकाराची परीक्षा त्याने स्वतःच निवडलेल्या प्रश्नावर झाली पाहिजे: अडसर दूर कसा होतो, आणि त्याची किंमत कोण देते?

जे. आर. वॉर्ड यांची ‘लव्हर इटर्नल’ (२००६) ही या दृष्टीने निर्णायक संहिता आहे. वॉर्ड यांचे रक्तपिपासू योद्धे काटेकोर अर्थाने अमर नाहीत. त्यांचे आयुष्य कित्येक शतकांचे असते. पण रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या स्त्रीसमोर हा फरक नाममात्रच. नायिका मेरी एकदा उपचारांतून गेलेली आहे, आईचे दीर्घ आजारपण तिने जवळून पाहिले आहे, आणि आता रोग परतला आहे. कादंबरीचा हा भाग उत्तम आहे, हे तिच्या निंदकांनी मान्य करावयास हवे. उपचारांची पुन्हा वाटणारी धास्ती, इतरांच्या कणवेचा तिटकारा, आपले शरीर कुणी प्रेमाने पाहील यावर न बसणारा विश्वास या गोष्टी वॉर्ड हातचे न राखता लिहितात. योद्ध्याचे बलदंड शरीर आणि तिचे खंगत जाणारे शरीर शेजारी ठेवल्याने जो ताण निर्माण होतो, तो या प्रकाराची खरी शक्यता दाखवितो.

आणि मग शेवट येतो. योद्धा रेज आपल्या जमातीच्या देवतेकडे, स्क्राइब व्हर्जिनकडे, मेरीचे प्राण मागतो. देवता म्हणते, सृष्टीचे संतुलन राखण्यासाठी मोल द्यावे लागेल. मेरी जगेल, पण त्याला तिचा विरह पत्करावा लागेल. तो कबूल होतो. येथवर कथेला स्वतःचा नियम आहे. परंतु मेरीला पूर्वीच्या उपचारांमुळे मूल होणार नाही हे देवतेला कळते, आणि ती ठरविते की तेवढा त्याग पुरेसा आहे. रेजची शिक्षा माफ होते, मेरी रोगाच्या आणि वार्धक्याच्या पलीकडे जाते, पुस्तक संपते.

हा हिशेब नीट पाहिला पाहिजे. रोगाने कित्येक वर्षांपूर्वी जे हिरावून घेतले, ते येथे मागाहून चलन बनते. मेरीने ते दिले नव्हते. ते तिच्याकडून गेले होते. हानीला त्याग म्हणावयाचे असेल तर त्यासाठी निदान इच्छा तरी लागते. शिवाय योद्ध्याने स्वेच्छेने पत्करलेला विरह माफ होतो आणि स्त्रीचे वंध्यत्व त्याच्या जागी भरले जाते. ज्या वाचक स्त्रियांच्या वतीने समर्थक समीक्षा बोलते, त्यांच्यापैकी कित्येकींनी हे उपचार स्वतः सोसले असतील. त्यांच्या हानीवर ‘पोचले’ असा शिक्का मारणाऱ्या शेवटाला मुक्ती म्हणणे हा समीक्षेचा हलगर्जीपणा आहे.

यावर ठरलेले उत्तर असे, की हे कल्पनारंजन आहे आणि वाचकाला ते ठाऊक असते. असते, पण आक्षेप असंभाव्यतेवर नाहीच. ययातीचे आख्यानही असंभाव्य आहे. तेथे बापाचे तारुण्य पुरूच्या वार्धक्याने विकत घेतले जाते, आणि महाभारत ते वार्धक्य खर्चाच्या बाजूस स्पष्ट मांडून ठेवते. अखेर तारुण्य परत करावे लागते. उच्च आणि लोकप्रिय असा भेदही येथे उपयोगाचा नाही. रसेल मल्केही यांचा ‘हायलँडर’ (१९८६) हा तलवारबाजीचा धंदेवाईक चित्रपट. त्यात स्कॉटलंडच्या डोंगरात अमर योद्ध्याची पत्नी हेदर त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारी होते आणि त्याच्या मिठीत मरते. तो तसाच तरुण राहतो आणि तिच्या वाढदिवशी मेणबत्ती लावीत राहतो. चित्रपटाचा शेवट सुखाचा आहे, नायकाला दुसरी स्त्री भेटते; पण हेदरचे मरण त्या सुखात कोठेही वळते केलेले नाही. सुखान्त हा प्रणयकादंबरीचा वाचकाशी असलेला करार आहे, हे रेगिस यांचे म्हणणे मान्य केले, तरी त्या करारात खोटी पावती देण्याचे कलम नाही.

वॉर्ड यांनाही ते खाते मिटल्यासारखे वाटले नसावे. दहा वर्षांनी ‘द बीस्ट’ (२०१६) मध्ये त्या रेज आणि मेरीकडे परत आल्या, आणि त्या कादंबरीचा विषयच या जोडप्याचे अपत्यहीन असणे हा आहे. देवतेने पुरेसा ठरविलेला तो त्याग तेथे पुन्हा दुःख म्हणूनच उभा राहतो, आणि एका पोरक्या मुलीला घरी आणण्यापर्यंत कथा जाते.