नोंदणी झाली, पुढे काय?

डिग्रीचा निकाल लागला की घरातून हमखास प्रश्न येतो, ‘नाव नोंदवलंस का?’ आई-बाबांच्या काळी नाव नोंदवायचं ठिकाण म्हणजे जिल्ह्याचं सेवायोजन कार्यालय. रांग लावायची, कार्ड घ्यायचं आणि ‘कॉल’ची वाट बघायची. आता राज्य सरकारचं ‘महास्वयं’ पोर्टल आहे. केंद्राचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’सुद्धा 2015 पासून सुरू आहे. रांग गेली, कार्ड गेलं. वाट बघणं तेवढं राहिलं.

असं का होतं? त्यासाठी थोडं मागे जाऊया. सेवायोजन कार्यालयांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक करणारा कायदा 1959 मध्ये आला. सरकारी आस्थापना आणि 25 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना तो लागू झाला. पण त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की, जागा कळवली म्हणून त्या कार्यालयामार्फतच माणूस घ्यायचं बंधन मालकावर नाही. म्हणजे कळवलं की कर्तव्य संपलं! कागद जाऊन स्क्रीन आला, तरी ही सवय काही गेली नाही. मालकाची जागा नोंदली गेली, तुमचं नावही नोंदलं गेलं. पण दोघांची गाठ पडली का, हे विचारायचं कुणी?

रोजगार मेळाव्यांच्या बातम्या वाचून बघा. किती पदं होती, किती उमेदवार आले, हे ठळक अक्षरांत असतं. त्यातले किती जण सहा महिन्यांनी त्या नोकरीत टिकले, हे क्वचितच वाचायला मिळतं.

आपली पोरं सरकारी पोर्टलवर येत नाहीत, असंही म्हणता येणार नाही. 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आली. बारावी पास असेल तर महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन. नोंदणी महास्वयंवरच होती. हातात काहीतरी ठोस पडणार म्हटल्यावर मुलं आली, कामाला लागली. पण प्रशिक्षणाची मुदत संपत आल्यावर ‘आता पुढे काय?’ म्हणत त्यांनाच आंदोलनं करावी लागली. त्याच पोर्टलवर पुढची नोकरी सहज सापडली असती, तर ही वेळ आली असती का?

मग सुधारणा काय हवी? नवा रंग, नवं ॲप नको. प्रत्येक जागेसमोर पगार, गाव आणि शेवटची तारीख हवी. जागा भरली की जाहिरात आपोआप उतरायला हवी. अर्ज पाहिला, नाकारला की मुलाखतीला बोलावलं, हे ठरावीक दिवसांत कळवणं मालकाला सक्तीचं हवं. नकारसुद्धा चालेल हो, शांतता नको. जुळवणी नुसत्या डिग्रीवर नको. बीए झालेल्या मुलीला टॅली येत असेल, तर अकाउंट्सची जागा तिला दिसलीच पाहिजे. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक जिल्ह्याचा हिशोब जाहीर व्हावा: इतक्या जागा आल्या, इतक्या भरल्या, इतके जण टिकले.

हे सगळं करायचा खर्च कशाला, खासगी ॲप्स आहेत की, असं कुणी म्हणेल. पण तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलाकडून ‘रजिस्ट्रेशन फी’ उकळून गायब होणाऱ्या कन्सल्टन्सीचे किस्से प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकायला मिळतात. सरकारी पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. त्यात प्रत्येक मालकाची नीट पडताळणी झाली, तर ज्याच्या घरात कुणाची ओळख नाही, वशिला नाही, त्याच्यासाठी हाच एक खात्रीचा दरवाजा ठरेल.

तुमच्याकडूनही थोडं हवंय. प्रोफाइल अर्धवट सोडू नका. जुना मोबाईल नंबर तसाच ठेवू नका. अर्ज केल्यावर उत्तर आलं नाही, तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात लेखी विचारा आणि पोच घ्या. एकट्याच्या विचारण्याकडे दुर्लक्ष होईल कदाचित. अख्ख्या वर्गानं विचारलं, तर उत्तर द्यावंच लागेल.