शाळा सुटल्यानंतरचे शिक्षण

शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा शाळेच्या चार भिंतींच्या आतच फिरत राहते. अभ्यासक्रम जड आहे की हलका, परीक्षा असावी की नसावी, माध्यम कोणते असावे, शिक्षकांवर अवांतर कामे किती लादावीत, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु मुलाच्या आयुष्यात शाळेचा वाटा मुळात किती, हा साधा हिशेब आपण क्वचितच मांडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावे, असे ठरवून दिले आहे. वर्षाचे एकूण तास ८७६०. झोपेसाठी रोजचे नऊ तास वजा केले तरी सुमारे साडेपाच हजार तास उरतात. म्हणजे कायद्याने घातलेली ही किमान अट तंतोतंत पाळली गेली, तर मुलाच्या जागेपणीच्या वेळेचा पाचवा हिस्साही शाळेकडे येत नाही. उरलेले चार हिस्से कोणाचे, आणि त्यांत मूल काय शिकते, हा खरा प्रश्न आहे.

कोपरसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले हे लहानसे स्थानक. खालून मध्य रेल्वेचा गजबजलेला मुख्य मार्ग जातो आणि वरून त्याला ओलांडत वसई-दिवा मार्ग. एके काळी खाडीकाठची आगरी वस्ती, भातशेती आणि मासेमारी ही या परिसराची ओळख होती; आज चाळी आणि इमारती यांनी तो भरून गेला आहे. येथील अनेक घरांतील कर्ता पुरुष आणि कर्ती स्त्री दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईच्या दिशेने निघतात व दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळेत मूल सुरक्षित राहावे आणि त्याचा वेळही वाया जाऊ नये, ही त्यांची अपेक्षा अगदी रास्त आहे. या अपेक्षेला सध्या एकच उत्तर सहज उपलब्ध आहे, ते म्हणजे शिकवणीचा वर्ग. सकाळी शाळेत जो धडा झाला तोच संध्याकाळी पुन्हा होतो, तीच उदाहरणे पुन्हा सोडविली जातात आणि त्याच परीक्षेची भीती दुसऱ्यांदा घातली जाते. याला शाळेबाहेरचे शिक्षण म्हणता येणार नाही. ती शाळेची दुसरी पाळी आहे, एवढेच.

मग शाळेबाहेरचे शिक्षण म्हणजे नेमके काय? एक उदाहरण घेऊ. १९८६ च्या सुमारास हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने अनेक तरुणांना आकाशाचे वेड लागले आणि मुंबईत खगोल मंडळासारखी हौशी संस्था उभी राहिली. कर्जत मार्गावरील वांगणी येथे तिचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत. कल्याणातही आकाश मित्र मंडळाने हे काम चालविले. अक्षांश आणि रेखांश यांची व्याख्या पाठ करून दोन गुण मिळविणारा विद्यार्थी अशा रात्री हात लांब करून, मूठ वळून ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे हे मोजतो. एक मूठ म्हणजे ढोबळमानाने दहा अंश. ध्रुव दोन मुठींपेक्षा किंचित खाली भरतो. आपल्या गावाचा अक्षांश १९ अंशांच्या जवळपास आहे, ही नकाशातली गोष्ट आपल्याच मुठीत मावते, हे त्याला त्या क्षणी कळते. पुस्तकातील विधान आणि डोळ्यांसमोरचे जग यांची गाठ अशी पडली, की ते ज्ञान परीक्षेनंतर विसरले जात नाही.

येथे तीन गोष्टी घडतात. पहिली अशी की मुलगा तेथे स्वेच्छेने आलेला असतो. दुसरी अशी की त्याच्या शेजारी बारा वर्षांची मुलगी, महाविद्यालयीन तरुण आणि निवृत्तीला आलेला कारकून एकाच वेळी शिकत असतात. वयाप्रमाणे वर्ग पाडण्याची शाळेची सोय तेथे नसते आणि तिची गरजही नसते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तेथे चूक झाली तर गुण कापले जात नाहीत, पण तारा मात्र सापडत नाही. चुकीची शिक्षा माणसाकडून न होता वस्तूकडून होते, आणि म्हणून ती अपमान न करता शिकविते. तरुण मनाची वाढ व्हायला हे तिन्ही घटक आवश्यक असतात. एकाच वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्या शाळेला, तिची इच्छा असली तरी, ते पुरविणे कठीण जाते.

हा विचार नवा नाही, आणि परदेशातून आणलेला तर मुळीच नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये यांचे काम सुरू झाले. आपल्या परिसरापुरते बोलायचे तर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या दुसऱ्या संस्थेच्या स्थापनेत विनायक लक्ष्मण भावे यांचा पुढाकार होता. 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ते हेच भावे. शाळांची संख्या मोजकी होती त्या काळातही, शाळेबाहेर ज्ञानाचे एक सार्वजनिक घर असले पाहिजे, हे या शहरांतील माणसांना पटले होते.

याच ठाणे जिल्ह्यात त्याहून धाडसी एक प्रयोग झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. डहाणू तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. तेव्हा तो ठाण्याचाच भाग होता. वारली मुले गुरे राखायला जातात, त्यामुळे शाळेत येत नाहीत, ही तक्रार सर्वांनीच केली होती. या दोघींनी तिच्यातून वेगळा निष्कर्ष काढला. मुले कुरणावर असतील तर शाळेने कुरणावर गेले पाहिजे. त्यातून कुरणशाळा जन्माला आली. दगड, पाने, बिया, पक्षी हेच तेथील शैक्षणिक साहित्य झाले. शाळा ही इमारत नसून एक नाते आहे, आणि ते नाते मुलाच्या जगात जाऊन जोडावे लागते, हा धडा या दोन शिक्षिकांनी शिक्षणशास्त्राला दिला.

पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला. अमेरिकेत संशोधन करून आलेल्या आणि मोठ्या उद्योगाच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या या शास्त्रज्ञाने शाळा सोडलेल्या मुलांना जवळ केले. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, बांधकाम, आहार आणि आरोग्य ही कामे मुलांनी प्रत्यक्ष करायची, गावाला त्यांचा उपयोग व्हायचा आणि कामातून जो प्रश्न निर्माण होईल त्याच्या उत्तरासाठी गणित व विज्ञान शिकायचे, अशी ही रीत आहे. पत्र्याची टाकी करायची असेल तर घनफळ आलेच, आणि टाकी गळली तर हिशेब पुन्हा तपासणे आलेच. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना शिकता येते, फक्त वेगळ्या दाराने आत यावे लागते, हे पाबळने दाखवून दिले.

या सर्व प्रयत्नांत एक समान सूत्र आहे. हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांसाठी जादा अलंकार म्हणून निघालेले नव्हते. ज्यांना नियमित शाळा पुरत नव्हती किंवा मिळतच नव्हती, त्यांच्यासाठी ते सार्वजनिक कार्य म्हणून उभे राहिले. आज चित्र नेमके उलटे होऊ लागले आहे. गिर्यारोहण, नाट्यशिबिर, यंत्रमानव बनविण्याचे वर्ग, सुट्टीतील निसर्गभ्रमंती यांची रेलचेल आहे. पण त्यांचे दार बहुधा शुल्काच्या किल्लीने उघडते. एका खोलीत पाच माणसे राहतात अशा घरातील मुलाला संध्याकाळी बसायला जागा नसते, मग छंद कोठला? म्हणजे शाळेत शेजारी बसणारी दोन मुले पाच वाजता घंटा झाली की दोन वेगळ्या जगांत जातात. शाळेने जी समानता कष्टाने उभी केलेली असते, ती शाळेबाहेरचे तास रोज थोडी थोडी मोडून टाकतात. या प्रश्नातील खरा धोका येथे आहे.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. शाळेबाहेरच्या प्रत्येक चांगल्या उपक्रमाला शाळेचेच रूप देण्याची आपली सवय. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचे उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू केली. प्रयोग करावा, प्रकल्प हाती घ्यावा, परिसराकडे चिकित्सक नजरेने पाहावे, हा तिचा उत्तम हेतू. पण मुंबई-ठाणे परिसरात या स्पर्धेच्याही तयारीचे वर्ग निघाले आणि जिज्ञासेचीही घोकंपट्टी सुरू झाली. दोष स्पर्धेचा नाही, आपल्या दृष्टीचा आहे. पदक व प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज एखादी गोष्ट शिकलो असे आपल्याला वाटतच नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते घेतले जावेत. स्पर्धा तीव्र आहे, चार गुण कमी पडले तर महाविद्यालयाचा प्रवेश हुकतो, अशा वेळी मुलाला तारे मोजायला कसे पाठवायचे, असे पालक विचारतील. त्यांची काळजी खोटी नाही. नियमित शाळेला आणि अभ्यासाला पर्याय द्या, असे येथे कोणीच सुचवीत नाही. आठवड्यातील दोन तास पुनरावृत्तीतून काढून प्रत्यक्ष अनुभवाला दिले तर अभ्यासाचे नुकसान होत नाही, उलट तो रुजतो, एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. गरिबांची मुले तर लहानपणापासून कामच करतात. त्यांना कामातून शिक्षण कसले सांगता? हा इशारा कायम लक्षात ठेवला पाहिजे. हॉटेलात कपबशा विसळणारे मूल शिकत नसते, राबत असते. काम आणि शिक्षण यांच्यातील फरक असा, की शिक्षणात मुलाला प्रश्न विचारण्याची सवड असते आणि त्या प्रश्नाची बूज राखणारा जाणता माणूस शेजारी असतो. तो माणूस आणि ती सवड नसेल तर अनुभवाचे गोडवे गाणे म्हणजे शोषणावर पांघरूण घालणे होय.

मग काय करता येईल? पहिली गोष्ट जागेची. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद ठेवण्याचे कारण नाही. दोन खोल्या, दिवे, पिण्याचे पाणी, एक जबाबदार व्यक्ती आणि मुली निर्धास्तपणे येऊ-जाऊ शकतील अशी व्यवस्था, एवढ्यावर अभ्यासिका, वाचनकट्टा आणि छोटी प्रयोगशाळा चालू शकते. कोट्यवधींच्या योजनांपुढे हा खर्च नगण्य आहे. दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. वाचनालयात विद्यार्थ्यांना नाममात्र वर्गणीत प्रवेश असावा आणि पुस्तक निवडताना त्यांच्याशी बोलणारे कोणी तरी तेथे असावे.

तिसरी गोष्ट शाळांच्या हाती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागीर व कलावंत यांच्या सहवासात घालवावेत, असे सुचविले आहे. हे दिवस एखाद्या मनोरंजन उद्यानाच्या सहलीत उरकून टाकू नयेत. कोपर-डोंबिवलीच्या मुलांना दूर जायची गरज नाही. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि भांगाची भरती अष्टमीच्या सुमारास का येते, हे खाडीवर आयुष्य काढलेला म्हातारा त्यांना सांगू शकेल, आणि शाळेतील विज्ञानशिक्षक त्या सांगण्याला चंद्रसूर्याच्या आकर्षणाचा अर्थ जोडून देतील. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कसे घालीत, हे जुन्या शेतकऱ्याकडून समजेल. आगरी लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारणींकडे तोंडी वाङ्मयाचा जो ठेवा आहे, तो आठवी-नववीच्या मुलींनी वहीत उतरवून घेतला तर भाषेचा तो उत्तम अभ्यास ठरेल. शिवाय इमारतीत राहणाऱ्या आणि गावठाणात राहणाऱ्या मुलांची ओळख होईल. एकाच स्थानकावरून रोज जाणारी ही दोन समाजजीवने एकमेकांना फारशी ओळखत नाहीत.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांची आहे. या भागात शिक्षक आहेत, बँकांतून व कचेऱ्यांतून काम करणारे आणि निवृत्त झालेले हजारो सुशिक्षित आहेत, रेल्वेच्या कारखान्यांत हात कसलेले कारागीर आहेत. त्यांच्यापैकी काहींनी आठवड्यातून दोन तास दिले तरी या कामाला माणसे कमी पडणार नाहीत. नोकरदार शिक्षकावर हे सक्तीने लादू नये, त्याच्या पाठीवर ओझी पुरेशी आहेत. पण ज्याला एखादी विद्या मनापासून येते, मग ती हार्मोनियम असो, हिशेब असो की सायकलची दुरुस्ती, त्याने ती गुण न देता आणि प्रमाणपत्र न वाटता शिकवावी. १८६४ आणि १८९३ मध्ये या शहरांतील माणसांनी शासनाच्या आदेशाची वाट पाहिली नव्हती.

आपल्या शाळा सुधारल्या पाहिजेत, यात वाद नाही. परंतु उत्तमातली उत्तम शाळादेखील मुलाच्या दिवसाचा एक तुकडाच घेऊ शकते. उरलेला दिवस आपण बाजारावर आणि पालकांच्या ऐपतीवर सोपविला, तर शाळेने दिलेले बरेचसे संध्याकाळपर्यंत ओसरून जाईल. शाळा सुटल्यानंतर मुलांना कोठे जाता येते आणि तेथे त्यांची वाट कोण पाहत असते, यावर या उपनगरांतील पुढील पिढी कशी घडेल हे पुष्कळसे अवलंबून आहे. ती जागा निर्माण करणे हे नागरिकांचे कर्तव्य आहे, आणि ते टाळण्यास आपल्यापाशी सबब नाही.