शिक्षण आणि पालक : संगणकातील नोकरी सोडून एम.बी.ए.?

तुमसर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान चिखला खाणीतून निवृत्त झालेले. मुलगा इंजिनिअर, तीन वर्षांपासून पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत. त्याला आय.आय.एम.मधून एम.बी.ए. करायचे आहे आणि अभ्यासासाठी तो आताच राजीनामा द्यायचे म्हणतो. धाकटीचे नर्सिंगचे शिक्षण त्याच्याच पगारावर चालू आहे. दहावीला ७८ टक्के, बारावीला ६४, बी.ई.ला ६१. "त्याला प्रवेश मिळेल का हो?" असे त्या विचारतात.

ताई, आधी त्याची बाजू तोलून पाहू. कॅट परीक्षेला बसण्यासाठी पदवीला ५० टक्के, अनुसूचित जातीसाठी ४५ टक्के गुण लागतात. म्हणजे परीक्षेचे दार उघडे आहे. मात्र या परीक्षेला इंजिनिअर मुलांची, त्यातही संगणक कंपन्यांतल्यांची, फार मोठी गर्दी असते. म्हणून बऱ्याच संस्था मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना काही जादा गुण देतात. तुमच्या मुलाला ते मिळणार नाहीत. दहावी-बारावीचे गुणही मोजले जातात आणि बारावीचे ६४ आता बदलणार नाहीत. ती उणीव कॅटच्या गुणांनी आणि मुलाखतीनेच भरून काढावी लागेल.

तीन वर्षांचा अनुभव जमेचा आहे. पण नुसती वर्षे सांगून भागत नाही. कोणते काम अंगावर घेतले, काय सुधारले, आणि चांगली नोकरी असताना व्यवस्थापन कशाला शिकायचे, हे मुलाखतीत विचारतात. याचे उत्तर त्याने आजच वहीत लिहून काढावे.

राजीनामा मात्र देऊ नये. कॅट साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. पेपर दोन तासांचा. भाषा, तर्क आणि गणित या तीन भागांना चाळीस-चाळीस मिनिटे. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा. रोज दोन तास आणि रविवारचा सराव पेपर, असे आठ-नऊ महिने नेटाने केले तर नोकरी सांभाळून तयारी होते. शिवाय प्रवेश हुकला तरी घरची चूल चालू राहते.

पत्रात आणखी एक गोष्ट आहे. मुलगा म्हणतो, "मी ओपनमधूनच फॉर्म भरणार, नाहीतर ऑफिसमधले बोलतील." त्याला समजावून सांगा. पेपर सर्वांना एकच, मुलाखतीचे टेबलही एकच. केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जातीसाठी १५ टक्के जागा कायद्याने आहेत. हक्काची जागा घेण्यात कमीपणा कसला? आणि एकदा अर्ज भरला की प्रवर्ग बदलता येत नाही.

दाखलाही आताच तपासा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर मूळ जातीचे नाव लागते. नुसते 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिलेले असेल तर अडचण येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज भरतानाच दाखला जोडावा लागतो. म्हणून उपविभागीय अधिकारी कार्यालयातले काम उन्हाळ्यातच उरकून घ्या.

आता पैशांचे. जुन्या आय.आय.एम.मध्ये दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रत्येक संस्थेत जागा ठरावीक असतात. नामांकित संस्थांसाठी विनातारण शैक्षणिक कर्जही मिळते. शेत किंवा घर गहाण टाकण्याआधी या दोन्हींची चौकशी करा.

आय.आय.एम. म्हणजे केवळ अहमदाबाद नव्हे. २०१५ पासून नागपुरातही आहे. राज्याची एम.बी.ए. सी.ई.टी. दिली तर मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारखे पर्यायही राहतात.

थोडक्यात, ताई, संधी खरी आहे, पण हमखास नाही. यंदा नोकरीत राहून परीक्षा द्यावी. गुण पाहून मगच पुढचे ठरवावे. आणि धाकटीची फी वेळेवर भरली जाईल, एवढे आधी पाहावे.