गाडीची सीट आणि फवारणीचं औषध

आज पिकावर नाही, गाडीच्या सीटवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

गेल्या भादव्यात कपाशीची फवारणी झाली. प्रोफेनोफॉसची अर्धी उरलेली बाटली मळ्यातून घरी आणत होतो. डिक्कीत पंप अन् गोण्या, म्हणून बाटली मागच्या सीटवर ठेवली. खड्ड्यात आडवी पडली, बूच सैल होतं, कपभर औषध सीटमध्ये जिरलं.

फडक्यानं पुसलं, वॉशिंग सेंटरला शाम्पू मारून घेतला, वर मोगऱ्याचा सेंट टांगला. झालं काम, असं वाटलं. आठ दिवसांनी बाजाराला निघालो. गाडी उन्हात बंद उभी होती. नात मागं झोपली, गाल सीटला लावून. थोड्या वेळानं म्हणते, "आबा, सीटला कांदा-लसणाचा वास येतोय. डोकं दुखतंय."

पोटात गोळाच आला. तिला खाली उतरवलं, तोंड-हात साबणानं धुतले, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठला. देवाच्या दयेनं पोरगी ठणठणीत आहे.

पण तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सीट धुणं हे शहरी माणसाचं चकचकीचं काम नाही, शेतकऱ्याच्या घरात ते आरोग्याचं काम आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तेव्हापासून आपण मास्क-हातमोज्यांवर बोलतो. पण फवारणी करून त्याच ओल्या कपड्यानं गाडीत बसतो, अन् दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर लेकरू बसतं. हे औषध नुसतं तोंडावाटे नाही, कातडीतूनही अंगात जातं. घामेजलेल्या अंगाला तर जास्तच.

माझी चूक कुठं झाली, ते सांगतो. सांडल्यावर मी चोळलं अन् वरून पाणी मारलं, त्यानं औषध फोममध्ये आणखी खोल गेलं. हातमोजे घालून, दारं उघडी ठेवून आधी कोरडी माती किंवा भुसा टाकून टिपून घ्यायला पाहिजे होतं. कव्हर काढून घरच्या कपड्यांपासून वेगळं धुवायचं. अन् फोममध्ये जिरलं असेल तर धुण्याच्या नादी लागू नका, फोम बदला. मला साडेतीन हजार लागले. जुन्या फोमचे तुकडे करून विहिरीपासून, वस्तीपासून लांब खोल पुरले. नाहीतर कोणीतरी उशी करून घेतलं असतं. जाळू पण नका, धूर विषारी.

बाकी साधी निगा सोपी आहे. चिखल ओला असताना पुसू नका. वाळू द्या, मग ब्रशनं झाडा. दूध सांडलं तर लगेच गार पाण्याच्या फडक्यानं टिपा. रेक्झिनला रॉकेल-थिनर लावू नका, तडे जातात. सीटवर पाण्याचा पाइप सोडू नका. फोम आतून ओला राहून बुरशी धरतो, अन् बऱ्याच गाड्यांत सीटखाली वायरिंग असतं. धुतल्यावर दारं उघडून पूर्ण वाळवा. सेंट टांगून वास झाकू नका. तो वासच तर मला सावध करायला आला होता.

काहीजण म्हणतील, गरिबाची एकच गाडी, औषध आणायचं कशात? बरोबर आहे. मी पण त्यातलाच. पण झाकणाचा एक प्लॅस्टिक डबा घ्या, त्यात औषध उभं ठेवा, डबा डिक्कीत दोरीनं बांधा. किराणा अन् पेंड त्याच्याजवळ नको. फवारणीचे कपडे मळ्यातच बदला, हातपाय धुवा, मग सीटवर बसा.

ट्रॅक्टरचं ऑइल आपण तास मोजून बदलतो. लेकरं बसतात त्या सीटकडं आठवड्यातून एकदा तरी वाकून बघायला काय हरकत आहे? बघा, पटतंय का.