गुणांबरोबर संघही हलला पाहिजे

बारावीच्या संगणकशास्त्रात बबल सॉर्टचे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षे एकाच साच्यात होते: आकड्यांचा ॲरे घ्या, उतरत्या क्रमाने लावा, आउटपुट जर्नलमध्ये चिकटवा, सही घ्या. ते आकडे कोणाचे, हे कोणी विचारत नाही. आमची तक्रार नेमकी तीच आहे. समजा, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या कबड्डी संघांची साखळी आहे. नावांचा एक ॲरे, गुणांचा दुसरा. जर्नलमधला लूप फक्त गुणांची अदलाबदल करतो. सर्वाधिक गुण वसमतने मिळवले, तरी ते इंडेक्स शून्यावर, म्हणजे हिंगोलीच्या नावापुढे छापले जातात. कंपायलरची एकही एरर नाही, आणि तक्ता साफ चुकीचा.

'एक्सेलमध्ये हे एका क्लिकवर होते,' असे काही शिक्षक म्हणतात. तिथेही फक्त गुणांचा कॉलम निवडून सॉर्ट केला, तर हीच चूक होते; साधन बदलल्याने समज येत नाही. 'अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही,' हा दुसरा आक्षेप. स्वॅपच्या त्याच कंसात नावांच्या अदलाबदलीच्या तीन ओळी घालायला किती वेळ लागतो? समान गुणांचा प्रश्न तर याहून महत्त्वाचा आहे. २०२४ च्या आयपीएलमध्ये बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि लखनौ या चारही संघांचे १४ गुण झाले, +०.४५९ नेट रनरेटवर बेंगळुरू प्लेऑफमध्ये गेला आणि +०.३९२ वर चेन्नई बाहेर पडला. हा रनरेट सवयीने इंट ॲरेत भरला, तर चारही संघांचा शून्य होतो. तुलनेत 'पेक्षा मोठे'ऐवजी 'मोठे किंवा समान' लिहिले आणि अदलाबदल थांबेपर्यंत लूप फिरवला, तर समान नोंदी एकमेकींशी जागा बदलत राहतात आणि प्रोग्रॅम थांबतच नाही.

परिपत्रकाची वाट पाहू नका. मंडळाने प्रात्यक्षिकांचे स्वरूप बदलायलाच हवे, पण तोवर तुमची लॅब तुमच्या हातात आहे. या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला पाच तालुक्यांचा तक्ता द्या, त्यात दोन संघांचे गुण मुद्दाम सारखे ठेवा, आणि प्रत्येक गुण आपल्याच संघाच्या नावापुढे आला आहे, हे तपासल्याशिवाय जर्नलवर सही करू नका. आज गुणपत्रक लावणारी ही मुले उद्या भरतीची गुणवत्ता यादी लावणार आहेत.